सापगावच्या माळावरचं लाल विमान

विमान विकत घेऊ नकोस, असं सावळारामला सगळ्यात आधी सांगितलं ते विमान उडवायला शिकवणाऱ्या रंगूकाकांनीच.

सावळाराम शहापूरच्या बाजारात मोटारी भरून द्यायचा. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, उन्हाळ्यात पंखे. जळालेली तांब्याची तार उसकटून काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजून उन्हात सुकत ठेवायची. राहायला सापगावात, भाताची शेती थोरल्या भावाबरोबर सामाईक. माणूस हुशार, पण भारी उतावळा. स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या बांधायच्या आधीच तो मांडवात जाऊन उभा राहिला होता, असं त्याची बायको संजीवनी अजून सांगते, आणि तो अजून ते नाकारत नाही.

रंगूकाका त्याच गावचे. उभी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. तिथल्या एका साहेबाला रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा नाद होता, तो काकांना लागला आणि सुटला नाही. निवृत्त होऊन गावी आले ते दोन विमानं घेऊनच. भात कापून झालं, खळी उरकली, की गावामागच्या माळावर दर रविवारी ती उडायची. माळ चांगला लांबरुंद, खाली भातसा नदीकडे उतरत गेलेला, समोर माहुलीचे सुळके. कल्याणहून चार-पाच हौशी मंडळीही आपापली विमानं घेऊन यायची. गावातले लोक पहिल्या वर्षी जमले, दुसऱ्या वर्षी कंटाळले. सावळाराम तेवढा कंटाळला नाही.

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तो काकांच्या ओटीवर गेला. हातात मासिकातून कापलेली दोन चित्रं होती, दोन्ही लढाऊ विमानांची.

"काका, ह्यातलं कुठलं घेऊ सांगा."

काकांनी चित्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी तुझा हात दाखव."

सावळारामनं तळहात पुढे केला.

"तसा नाय रे. माळावर चल."

माळावर काकांनी दोन्ही विमानं गवतावर शेजारी शेजारी ठेवली. एक पिवळं, एक लाल.

"ह्या पिवळ्याचे पंख बघ कुठं हायेत. डोक्यावर. नि टोकं जरा वर उचललेली. हे हळू उडतं. घाबरून दांडी सोडून दिलीस तरी आपापलं सरळ होतं. चूक सुधारायला तुला टाइम देतं."

"नि लाल?"

"त्याचे पंख पोटाखाली, पट्टीसारखे सरळ. ते जसं ठेवशील तसंच राहतं. उलटं ठेवलंस तर उलटंच. वेग जरा कमी झाला की दगडासारखं खाली येतं." काकांनी लालच्या पंखावरून हात फिरवला. "सोडलं तरी सरळ होतं ते तुझं. सोडलं की पडतं ते माझं."

"मंग ह्या दोघांच्या मधलं कुठलं नाय?"

"हाय ना. पिवळं एकट्यानं नीट उतरवायला लागलास की ते करू. मंग लाल. तुझ्या चित्रातली सगळ्यात शेवटी. हाताच्या पुढचं विमान आणलं की पहिल्याच दिवशी टोपलीत भरून घरी न्यावं लागतं. मी नेलंय."

असं शिकणं सुरू झालं. काकांकडे दोन पेट्या होत्या, प्रत्येकीला दोन दांड्या आणि ओढून लांब करायची एरियल. दोन्ही पेट्या एका वायरनं जोडायच्या. काकांच्या पेटीवर एक बटण होतं. ते दाबून धरलेलं असेपर्यंत विमान सावळारामच्या हातात. काकांनी बोट उचललं की विमान काकांचं. तसं झालं की सावळारामच्या दांड्या मेल्यासारख्या व्हायच्या. हलवा, वाकवा, विमान काही ऐकायचं नाही. मागून काकांचं जिभेचं 'च्‌' ऐकू यायचं आणि विमान सावरायचं.

सगळ्यात अवघड होतं ते विमान समोरून येताना. दूर जाताना डावी दांडी म्हणजे डावीकडे. पण तेच विमान वळून तोंडावर आलं की डावं-उजवं उलटं. सावळारामचं डोकं गरगरायचं. काका सांगायचे, "जो पंख खाली गेला त्याच्याखाली दांडीचा टेकू दे. डोकं चालवू नको." हळूहळू ते जमलं. घारी विमानाशेजारी येऊन गिरक्या घ्यायच्या आणि सावळाराम त्यांना चुकवून वळायचा, इतपत हात बसला.

फक्त एक गोष्ट काकांनी कधी करू दिली नाही. विमान उतरवणं. उतरायची वेळ आली की शेवटच्या वळणावर त्याच्या दांड्या मरायच्या.

"आज वारा आडवा हाय," काका म्हणायचे. कधी म्हणायचे, "ऊन डोळ्यात येतंय तुझ्या." कधी काहीच म्हणायचे नाहीत. दुसरा हंगाम आला तरी पिवळं उतरवायचे ते काकाच. सावळारामला इतकी सवय झाली की शेवटचं वळण आलं की तो आपणहून दांड्यांवरचे अंगठे उचलायचा आणि बघत उभा राहायचा.

दोन हजार एकच्या पौषात, एका रविवारी, कल्याणची मंडळी अजून आली नव्हती. धुकं नदीकडे सरकलेलं, माळावर स्वच्छ ऊन. काका नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले, सावळाराम त्यांच्या पुढे चार पावलांवर उभा. पिवळं वर गेलं. सावळाराम उडवता उडवता बोलत होता: एका गिरणीवाल्याची मोटार, भावाचं दुखणं, असंच काहीबाही. काका उडवताना कमी बोलायचे, त्यामुळे उत्तर आलं नाही याचं त्याला काही वाटलं नाही. मध्येच विमान माहुलीच्या बाजूला जरा जास्त लांब गेलं तेव्हा दांड्या मेल्या, विमान वळून माघारी आलं आणि दांड्या परत जिवंत झाल्या. नेहमीसारखंच. मग इंधन संपत आलं. शेवटचं वळण आलं. सावळारामनं अंगठे उचलले. पिवळं वळलं, इंजिनाचा आवाज बसला, ते गवतावर अलगद टेकलं आणि घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबलं.

"काका, आज तरी मला द्यायचं होतं," असं म्हणत तो मागे वळला.

काका स्टुलावरच होते. हनुवटी छातीवर टेकलेली. पेटी मांडीवरून खाली पडून गवतात पालथी होती आणि तिची एरियल मोडून वाकडी झाली होती. सावळारामनं हात धरला. हात थंडगार होता.

गावातल्या टेम्पोनं शहापूरला नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, मनगट धरलं, आणि म्हणाले, "यांना जाऊन बराच वेळ झालाय. आणायला इतका उशीर का केलात?"

 सावळारामला आठवत होतं ते एवढंच की काकांनी बोट उचललं असेल तर विमान काकांच्या पेटीवर जातं. आणि परत त्याच्या हातात यायला कुणालातरी ते बटण दाबून धरावं लागतं.

कल्याणच्या मंडळींत शेखर म्हणून एकजण होता, मोबाइलच्या टॉवरचं काम करणारा, विचारानं सरळ माणूस. तेराव्याला तो आला तेव्हा सावळारामनं त्याला सगळं सांगितलं. शेखरनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ, ते शिकाऊ विमान आहे. स्थिर. पेटी पालथी पडली, दांडी गवतात दाबली गेली, इंजिन मंद झालं, विमान आपोआप खाली आलं. होतं असं. माझंही एकदा झालंय."

"नि मधेच वळलं ते?"

"तूच वळवलं असशील. माणूस गेला की आपल्याला मागचं सगळं वेगळंच आठवायला लागतं."

सावळारामला हे पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

पावसाळ्यानंतर काकांच्या बायकोनं, गिरजाकाकीनं त्याला बोलावलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. काकी अंगणात भात वाळवत होती. तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं.

"ती दोन्ही विमानं ने रे. पेटी पण ने."

"काकी, तुमाला आठवण म्हणून..."

"आठवण कशाला लागते? ने तू." बोलता बोलता तिनं घरात एकदा वळून बघितलं आणि परत भाताला हात घातला.

सावळारामनं पेटीची एरियल दुरुस्त केली. पिवळं घेऊन एकटाच माळावर गेला. वायर नाही, दुसरी पेटी नाही.  उडवलं, फिरवलं, आणि शेवटच्या वळणावर पहिल्यांदा अंगठे न उचलता दांड्या धरून ठेवल्या. विमान समोरून येत होतं. एक पंख खाली गेला. त्यानं घाईत दांडी चुकीच्या बाजूला ढकलली. दांडी ढकलली त्याच क्षणी त्याला चूक कळली. विमान मात्र बरोबर वळलं. अलगद उतरलं.

तो बराच वेळ दांड्यांकडे बघत उभा राहिला. मग मनाशी म्हणाला, समोरून येताना उलटं होतं ना, त्यात आपलाच गोंधळ झाला असेल. हात बरोबर गेला, डोकं चुकलं.

पुढच्या रविवारीही तसंच झालं. आणि त्याच्या पुढच्याही. कल्याणची मंडळी बघत उभी असायची. एकट्यानं उडवायला लागून महिनाही झाला नव्हता आणि त्याचं एकही उतरणं चुकत नव्हतं. कुणी पाठ थोपटायचं. शेखर म्हणाला, "वळण अगदी काकांसारखं घेतोस रे. डोळे मिटून ऐकलं तर वाटेल, काकाच उडवतायत." सावळारामला त्या वेळी ते फार गोड लागलं.

आणि उतावळा माणूस तो. मधलं विमान करायचं काकांनी सांगितलं होतं, पण त्याला कुठला धीर निघतोय! संजीवनी म्हणालीसुद्धा, "अवो, काका नको बोलले होते ना त्या लालला?"

"काका होते तवा माझा हात कच्चा होता."

"नि आता?"

"आता बघतेस ना तू."

संजीवनी एकदाच माळावर आली होती आणि तिनं बघितलं होतं.  रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "विमान उतरताना तुमचं तोंड उडवणाऱ्यासारखं नसतं. बघणाऱ्यासारखं असतं."

लाल वर गेलं तेव्हा त्याला कळलं, काका काय सांगत होते. पिवळं बैलगाडीसारखं होतं. हे सुटलेल्या खोंडासारखं. अंगठा केसभर हलला की विमान पुरतं कलंडायचं. पहिल्या फेरीतच ते उलटं झालं आणि नाक खाली करून सरळ जमिनीकडे निघालं. सावळारामला वरचं-खालचं कळेना. त्यानं जमेल तशी दांडी ओढली, मग सोडून दिली. संपलं, असं त्याला वाटलं.

मागे, अगदी खांद्याशी, कुणीतरी जिभेनं 'च्‌' केलं.

लाल विमान गवताच्या शेंड्यांवरून निघालं, वर चढलं, सरळ झालं आणि माळाला एक मोठी, देखणी फेरी घेऊन आलं. बाकीचे लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, मुद्दामच केलं. सावळाराम मागे वळला. मागे मोकळा माळ होता, आणि त्यापलीकडे कापलेल्या भाताची शेतं. बगळे उतरलेले होते, तेही उठून नदीकडे निघाले.

त्या दिवशीपासून त्याला माहीत होतं. पण माहीत असूनही तो उडवत राहिला, हे खरं. लोक लांबून बघायला यायला लागले. मुरबाडच्या एका मंडळानं संक्रांतीनंतरच्या कार्यक्रमाला बोलावलं; मैदानावर हजारेक माणूस असेल, विमानाच्या कसरती दाखवा म्हणाले. सावळाराम हो म्हणाला. त्याचं काम आता सोपं होतं. विमान वर सोडायचं, अंगठे दांड्यांवर नुसते टेकवून ठेवायचे, आणि लाल विमान सापगावच्या आभाळात काकांसारखं फिरताना बघायचं. सासुरवाडीला, मोटारींच्या गिऱ्हाइकांत, सगळीकडे त्याचं नाव झालं होतं. फक्त दुकानात बसल्या बसल्या तो कधी कधी आपल्या अंगठ्यांकडे बघायचा. ते त्याला दुसऱ्याचे वाटायचे.

मुरबाडच्या आधीचा रविवार. भर दुपार, वारा अजिबात नाही. लाल विमान नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलं, इतकं लांब की ठिपका झालं होतं. मग माघारी फिरलं, उतरलं. शेखर शेजारी येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याची नजर सावळारामच्या पेटीवर गेली.

"सावळाराम, एरियल."

सावळारामनं खाली बघितलं. एरियल ओढून लांब केलेलीच नव्हती. सगळी आत दाबलेली, नुसतं टोकाचं बोंडूक बाहेर. त्या दिवशी ती लांब करायची राहून गेली होती.

"असं असलं तर विमान त्या बांधापलीकडे जायला नको," शेखर म्हणाला. त्यानं बोट दाखवलं तो बांध दगड भिरकावला तर पोचेल एवढ्यावर होता. "तिथंच पडायला हवं. तू तर नदीपलीकडे नेलंस."

 लाल विमानाचं इंजिन थंड होताना बारीक टिकटिक करत होतं. इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास हवेत होता. शेखरला मोबाइलच्या टॉवरची, रेडिओच्या लहरींची सगळी माहिती होती, पण त्यानं या वेळी समजावून सांगितलं नाही. आपली विमानं गाडीत भरली आणि निघताना एवढंच म्हणाला, "मुरबाडला नको जाऊस. हजार माणसांच्या डोक्यावरून जाणार ते, आणि कोण उडवतंय ते आपल्याला माहीत नाही."

सावळाराम त्याच संध्याकाळी गिरजाकाकीकडे गेला. चुलीवर भात रटरटत होता. तो उंबऱ्यात बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. काकी घाबरेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. काकीनं लाकूड आत सारलं.

"तुझ्याकडे पण का," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"मी पीठ मळायला घेते, नि पाणी घ्यायला वळते. माघारी बघते तर मळलेलं असतं. दार लावायला उठावं तर लावलेलं असतं. आज वरीस झालं." काकीनं कपाळावरचा घाम पुसला. "पहिलं मी लय भ्याले. आता राग येतो."

"राग?"

"मंग काय? जितेपणी तसंच होतं. मी विळा धरला की म्हणायचे, तसा नाय, आण इकडं. विहिरीवर पोहरा सोडला की म्हणायचे, आण इकडं. लय मायेचा माणूस, पण कुणाच्या हातात काय सोडवायचं नाय त्यांना. तुला तरी विमान उतरवू दिलं का कधी?"

सावळारामनं नकारार्थी मान हलवली.

"मंग ते तिथंच अडकले असतील. तू शिकल्याशिवाय कसं सोडतील? नि तू शिकशील कसा, ते सोडल्याशिवाय?"

चुलीतलं लाकूड तडकलं. दोघांनी एकदमच आतल्या खोलीकडे बघितलं. तिथं काही नव्हतं.

"तू त्यांचा चेला हायेस. तू सांग त्यांना," काकी म्हणाली. "माझं ऐकायचे नायत. माझं कधी ऐकलं नाय."

मुरबाडच्या मंडळाला त्यानं नकार कळवला. ते लोक चिडले, आणि त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मग सोमवारी, दुकान बंद ठेवून, कुणी नसताना तो माळावर गेला. निघताना त्यानं लाल विमान उचललं होतं. दाराशी थांबला आणि ते परत ठेवून पिवळं घेतलं. काका सोडतील तर विमान खरंच त्याच्या हातात येणार, आणि लाल त्याच्या हातात आलं तर त्याचा चुरा होणार होता. त्याचा हात कुठला आहे ते त्याला आता पक्कं कळलं होतं. डोक्यावर पंख असलेला, हळू, चुका पोटात घालणाऱ्या विमानाचा. एवढी वाहवा झाल्यावरही तेवढाच.

एरियल पूर्ण ओढली, दोनदा हात लावून खात्री केली. पिवळं वर गेलं. ऊन चढत होतं, घारी नव्हत्या, गवताचं पातं हलत नव्हतं. काका बसायचे ती जागा त्याच्या मागे होती आणि पाठीला तिथून कुणी बसल्यासारखी ऊब लागत होती. तो वळला नाही. शेवटचं वळण आलं. त्यानं दांडी डावीकडे नेली. विमान आपल्याच वळणानं येत राहिलं. दांड्या मेल्या होत्या.

"काका," तो मोठ्यानं म्हणाला.  "सोडा आता."

विमान उतरत होतं, नेहमीसारखं, सुतात ओवल्यासारखं सरळ.

"काका, सोडा. पडलं तर पडू दे. मी जोडीन."

काही झालं नाही. विमान जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आलं. सावळारामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यातून विमान धूसर झालं.

"तुमी शिकवलंत ना मला? मंग एवढा इश्वास ठेवा!"

मागे कुणीतरी श्वास सोडला. लांब, दमलेला. आणि विमान एकदम एका बाजूला कलंडलं, कारण त्याची दांडी अजून डावीकडेच होती.

सावळाराम दचकला. खाली गेलेल्या पंखाखाली टेकू दिला, जरा जास्तच दिला, विमान दुसरीकडे झुकलं. इंजिन कमी करायचं विसरला, मग एकदम कमी केलं. पिवळं दोनदा उसळलं, नाकावर आपटलं, पुढचं चाक मुडपलं, नाकावरचा पंखा तुटून उडाला, आणि ते एका पंखावर रेलून धुरळ्यात थांबलं.

सावळाराम धावत गेला. गुडघ्यावर बसून त्यानं तुकडे गोळा केले. चुकलं होतं, सगळं चुकलं होतं. तो थांबला, कान देऊन, मागून 'च्‌' येईल म्हणून. लांब कुठंतरी बाई हाक मारत होती. गवतात किडे होते. मग तो वळला आणि ज्या जागेकडे लाल पहिल्यांदा उडवल्यापासून पुन्हा वळून बघायला भ्याला होता तिकडे बघितलं. ती माळावरच्या दुसऱ्या कुठल्याही जागेसारखी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला माळावर एकटं वाटलं, आणि तो तिथंच, मोडकं विमान मांडीवर घेऊन, रडला.

येताना तो काकीच्या घरावरून आला. काकी ओटीवर रिकामी बसली होती, जी बाई कधी रिकामी बसायची नाही. तिनं त्याच्या हातातलं विमान बघितलं.

"सोडलं?" तिनं विचारलं.

"सोडलं."

"वाटलंच मला. मघापासून घर लय मोठं वाटतंय." आणि पदरानं डोळे टिपून ती चहा ठेवायला उठली.

त्यानंतर सावळारामनं पुष्कळ विमानं मोडली. पिवळ्याला इतकी ठिगळं लागली की मूळ लाकूड थोडंच उरलं. पुढच्या हिवाळ्यात तो ते बऱ्यापैकी उतरवायला लागला, आणि कल्याणच्या मंडळींनी आता हातचं राखून टाळ्या वाजवल्या तरी त्याला त्या आधीच्यांपेक्षा बऱ्या वाटल्या. मधलं विमान त्यानं स्वतः केलं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, पंख ना वर ना खाली. ते दोन वर्षं चाललं. कुणी नवखा दुकानात येऊन, कुठलं विमान घेऊ, असं विचारायचा, तर सावळाराम त्याला आधी माळावर न्यायचा. काही जणांना ते आवडायचं नाही. ते मुंबईला जाऊन झोकदार काहीतरी आणायचे आणि पुढच्या रविवारपासून येईनासे व्हायचे.

गिरजाकाकी बहिणीकडे डोळखांबला राहायला गेली. सापगावचं घर तिनं बंद केलं नाही, भाड्यानं दिलं. भाडेकरूंनी कधी काही तक्रार केली नाही.

लाल विमान दोन हजार सहाच्या हिवाळ्यापर्यंत दुकानाच्या माळ्यावर कापडात गुंडाळलेलं होतं. मग एका सकाळी त्यानं ते काढलं, इंजिन साफ केलं, एरियल ओढली. अंगठे अडखळत होते, पण त्याचेच होते. लालनं त्याला माळभर नाचवलं. दोनदा उलटं झालं, दोनदा त्यानंच सरळ केलं, आणि शेवटी उतरताना वेग जरा जास्तच राहिला तसं ते माळ ओलांडून करवंदीच्या जाळीत घुसलं. हात ओरबाडून घेत त्यानं ते बाहेर काढलं आणि संध्याकाळी डोळखांबच्या एका दुकानात फोन करून काकीला बोलावून घेतलं.

"काकी, लाल उडवलं आज. मी."



"पंख मोडला?" काकीनं विचारलं.

"एक."

"मंग ठीक हाय," काकी म्हणाली आणि त्याच्या थोरल्या भावाच्या तब्येतीचं विचारायला लागली.